कॅटलॉग

नववी ब. शेवटून दुसरा तास.
पुस्तकात त्या सगळ्याला दोनच ओळी,
आणि एक आकडा: साठ लाख.
सुयोग चौगले म्हणाला, बाई, म्हणजे किती कोल्हापुरं?
मी फळ्यावर भागाकार मांडला.
भाग गेला दहा-अकरा वेळा, खाली बाकी उरली.
ती बाकी कुणी वहीत उतरवून घेतली नाही.

घंटेला अजून अर्धा तास होता.

मग मी प्रशिक्षणात शिकवलेलं काढलं:
डोळे मिटा. दहा मिनिटं आहेत.
दप्तरात मावेल तेवढंच घ्यायचं,
घर परत दिसणार नाही.
आता लिहा.

वाटलं होतं, वर्ग सुन्न होईल.
पोरं माना खाली घालून भराभर लिहायला लागली,
पाढे लिहावेत तशी.
गॅसचं पुस्तक. आजीच्या बीपीच्या गोळ्या.
मीटरचा खटका खाली ओढायचा.
आधी म्हशीचं दावं सोडायचं.
चार्जर प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन गाठी.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.
एकोणीसचा पूर, एकवीसचा पूर.
ही शुक्रवार पेठेतली, चिखलीची, आंबेवाडीची पोरं,
पंचगंगा ज्यांच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर
येऊन बसली होती पाहुणीसारखी.
रेवती डवरी म्हणाली, आमचं पाच मिन्टात हुतंय बाई,
पालं उचलायची सवय हाय.

मी विचारलं, पुरात आणि ह्यात फरक काय?

बराच वेळ नुसता पंखा.
मग इम्तियाज मुल्लाणी, जो कधी हात वर करत नाही,
हात वर न करताच बोलला:
नदी नाव विचारून घरात शिरत नाही.
नदीकडं यादी नसते.

मी खडू उचलला. एवढं वाक्य फळ्यावर हवंच.
अर्धं लिहून झालं तोवर
मागच्या बाकावरून प्रज्योत कांबळे:
असं कसं? आमची वस्ती सखलात आली कशी मग?
उंचावरच्या जागा वाटताना
हुतीच की कुणाकडं तरी यादी.

वाक्य अर्धंच राहिलं.

विषय बदलावा म्हणून मी वळिवड्याकडं वळले.
युद्धात पोलंडमधून हाकललेली पाच हजार माणसं
इथंच, एसटीनं अर्ध्या तासावर, राहिली होती.
ती गेली, आणि त्यांच्या बराकींत
फाळणीनं हाकललेली आली.
पोरांना गांधीनगर म्हणजे होलसेल कापड.
दिवाळीचे शर्ट तिथलेच, कुणीतरी म्हणालं,
आणि स्वतःच्या बाहीकडं बघत बसलं.

विषय काही बदलला नाही.

पहिल्या बाकावरून शाल्मली भोसले:
यादी कोण करतं, बाई?

कुणीतरी कारकून, म्हणाले.
ज्याचं अक्षर बरं असतं असा.

टेबलावर कॅटलॉग उघडाच होता.
अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, धर्म,
आणि पट्टीनं आखलेला तो रकाना,
जूनमध्ये एका बैठकीत मी भरलेला.
मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफला दाखवला होता,
अक्षर बघा म्हणून.
त्याच रकान्यावर प्रज्योतची शिष्यवृत्ती येते,
हेही खरं. दोन्ही खरं.
मी कॅटलॉग मिटला.
मिटल्याचा आवाज जरा जास्तच झाला.

रात्री कागद तपासायला घेतले.
गुण कशाला द्यायचे ते कळेना.
छत्तीसांतल्या एकतीस जणांनी
सगळ्यात आधी लिहिलं होतं: शाळेचा दाखला,
जातीचा दाखला.
भाकरी चौथ्या-पाचव्या ओळीत.

एका कागदावर फक्त
अब्बाचा चष्मा. बाकी काही नको.
वर नाव नव्हतं.
अक्षरावरून ओळखलं मी.
सवयीनं लाल पेन घेतला नाव घालायला,
टोपणही काढलं,

आणि पेन तसाच, कागदापासून बोटभर वर.